भिंतीवर भिंत

कोकणात जुनं घर पाडायचं ठरलं की आधी कौलं उतरतात, मग रीप, वासे, तुळया आणि शेवटी भिंती. खांब, चौकटी न्यायला जुन्या लाकडाचा गिऱ्हाईक हजर असतोच. त्याने नाकारलेला माल मागच्या अंगणात पडून राहतो. भुंग्याने पोखरलेले रीप, कान उडालेली कौलं, कोपरे गेलेले जांभ्याचे चिरे. माझं दुकान तिथून सुरू होतं. या मालातून मी भिंतीवर लावायच्या वस्तू करते. आत्येचं यावर एकच म्हणणं, "चुलीत घालूचा लाकूड ता, भिंतीर कित्याक लावतंस गो?"

तिचं खरं आहे. पण चुलीवरच्या छपराचं एखादं मंगलोरी कौल उलटं करून बघा. पोटाकडची बाजू वर्षानुवर्षांच्या धुराने काळी, जराशी चिकट. ते शेजारच्या कौलावर जिथे चढलेलं असतं तेवढीच पट्टी लाल राहिलेली. त्या काळ्यात कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, मग तिथे आणखी कारखाने निघाले आणि हळूहळू आपल्याकडची नळीची कौलं मागे पडली. एवढा सगळा इतिहास डोक्यावर घेऊन माणसं खाली भाकऱ्या भाजत होती आणि वाचायला कुणी मान वर केली नाही. ही काजळी मी धुत नाही. कोरड्या फडक्याने सुटेल तेवढी सुटू देते, राहील त्यावर पातळ डिंकाचा हात. बस्स. त्यावर आणखी काही चितारायची गरजच नसते.

रीप जास्त छळतात. खिळे उपसताना लाकूड फाटतं, म्हणून खिळा आधी मागून ठोकून डोकं वर आणायचं आणि मग पकडीने काढायचा. उन्हात चांगलं आठवडाभर तापवायचं, भोकांत औषध सोडायचं. नाहीतर कीड घरातल्या कपाटापर्यंत पोचते आणि कला राहते बाजूला. पॉलिशच्या मी विरुद्ध आहे. अळशीच्या तेलाचा एक हात पुरतो. बाजारात नवंकोरं पाइन भाजून, साखळीने बदडून 'जुनं' करून विकतात. इथे खरं जुनं लाकूड पावसात कुजत पडलेलं असताना हा खटाटोप कशाला, हे मला कळत नाही.

रंगही त्याच ढिगातून निघतो. चिऱ्याचा चुरा खलात कुटून मलमलीतून गाळला की जांभ्याचा तांबूस रंग तयार होतो. त्यात लोहाचा अंश भरपूर, त्यामुळे तो उन्हाने विटत नाही. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ वापरून बघावंसं वाटतं, पण मुंबईच्या दमट हवेत झुरळांना आयतं आमंत्रण. त्यापेक्षा चुना बरा.

तांदळाचं पीठ शोभतं ते वारली घरांत. तिथे कारवीच्या कुडावर शेणमातीचा गिलावा, वर गेरूचा हात, त्यावर पांढऱ्या रेघा. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सवासिणी लिहायच्या. तो टिकावा अशी कुणाची अपेक्षा नसायची. पुढचं सारवण आलं की चित्र गेलं. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर उतरली, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते व्हायलाच हवं होतं. पण भिंतीवरून सुटलं तेव्हापासून चित्राला चौकट लागली आणि जपणं आलं. माझ्या कौलांचं तेच झालंय. दरवर्षी घर शाकारताना फुटलेलं कौल कुणी सहज गडग्याखाली फेकून द्यायचं. आता त्याला हात लावणाऱ्या भाच्याला मी ओरडते.

टांगायची गोष्ट वेगळीच. अख्खं कौल दोन-अडीच किलोचं, आणि नव्या फ्लॅटच्या आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या. नुसता खिळा ठोकाल तर रात्री कधीतरी धाडकन आवाज येईल. ड्रिल मारून लांब गिट्टी आणि स्क्रूच हवा, आणि खाली सोफा नको.

अख्ख्या चिऱ्याचंही काहीतरी कर म्हणून मागे लागणारे असतात. तो मी भिंतीवर चढवत नाही. बाल्कनीत ठेवा, वर तुळशीची कुंडी ठेवा, नाहीतर सरळ त्यावर बसून चहा प्या.