दूध नाही, मग डोनट मऊ कसा?

गेली चार वर्षे मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. सोसायटीच्या गणपतीत प्रसाद वाटताना, मुलांच्या वाढदिवसाला, एकदा तर ठाणे स्थानकाच्या पुलावर भर गर्दीत एका परिचित बाईंनी मला थांबवून विचारले होते, “दूध नाही, लोणी नाही, तळलेलेही नाहीत, मग तुमचे डोनट मऊ कसे राहतात हो?” त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे पौष्टिकच की नाही?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आनंदाने देते आणि दुसऱ्याचे जरा चाचरत. तुम्ही विचारलंत म्हणून दोन्ही उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

या खटाटोपाचे मूळ माझा भाचा आहे. त्याला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही असे म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, न पचणाऱ्या माणसाचे पोट फुगते किंवा बिघडते, पण थोडे दही बहुधा त्याला चालून जाते. प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र चमचाभर लोणीही महागात पडू शकते आणि कढवलेल्या तुपातही प्रथिनांचा अंश राहत असल्यामुळे तेही भरवशाचे नसते. भाचा पाच वर्षांचा झाला तेव्हा आम्ही एका बेकरीत दूध नसलेले डोनट मागितले. काउंटरवरच्या मुलाने डबा बांधता बांधता निर्मळ मनाने सांगितले, “काकू, दूध अजिबात नाही, फक्त बटर आहे.” आम्ही डबा तिथेच ठेवून परतलो. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण आपल्याकडे दूध म्हणजे पातेल्यातले पांढरे द्रव, एवढीच समजूत असते. याच्या उलट गल्लत अंड्याची होते. अंडे हा दुग्धजन्य पदार्थ नव्हे, तरीही “एगलेस आहे, म्हणजे चालेल ना?” असे मला अजून विचारले जाते.

घरी पहिल्यांदा केले तेव्हा मी पाककृतीतील दुधाच्या जागी सरळ पाणी घातले. डोनट फिके आणि रबरासारखे चिवट झाले. ते पाहून आमच्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, सांदण करताना कुठे दूध घालतो आपण? नारळाचा रस घाल की.” त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे, त्यामुळे गोडात दुधाऐवजी नारळाचा रस वापरणे त्यांना नवे नव्हते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे दाट रस काढून केलेले डोनट गरम असताना उत्कृष्ट लागले. उरलेले फ्रिजमध्ये ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते घट्ट आणि दडस झालेले. खोबरेल तेल थंडीच्या दिवसांत बाटलीत थिजते, तसाच नारळाच्या रसातील स्निग्धांश सुमारे २४ अंशांखाली थिजतो, हे माहीत असूनही डोनटच्या बाबतीत मला ते सुचले नव्हते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या फजितीतच आहे. लोणीही गार झाले की घट्ट होते. सूर्यफुलाचे तेल फ्रिजमध्येसुद्धा पातळ राहते आणि म्हणून तेलावर केलेला डोनट गार झाल्यावर लोण्याच्या डोनटपेक्षा मऊ लागतो. उरलेले निम्मे उत्तर दूध पिठात नेमके काय करते, यात आहे. दुधामुळे पिठाला ओलावा मिळतो, स्निग्धांशामुळे ते खुसखुशीत होते, प्रथिने आणि लॅक्टोज यांच्यामुळे भाजताना वरून तांबूस रंग येतो. ही सगळी कामे एकट्याने करणारा पर्याय मी शोधत बसले, हीच माझी चूक होती. आता मी ती कामे वाटून देते. मऊपणा तेलाकडे, ओलावा पिकलेल्या केळ्याकडे आणि रंग गूळ व सोया दूध यांच्याकडे. सोया दुधात गाईच्या दुधाच्या जवळपास जाईल इतके प्रथिन असते, त्यामुळे रंग चांगला येतो. बदामाच्या पेयात प्रथिन फारच कमी असल्याने ते मी या कामाला वापरत नाही. ही पेये शोधताना पाकिटावर मिल्क हा शब्द सापडला नाही तरी गोंधळू नये, त्यावर बहुधा ड्रिंक किंवा बेव्हरेज असे छापलेले असते.

सहा डोनटचे माझे प्रमाण असे आहे. १०० मिलिलिटर कोमट सोया दुधात ५० ग्रॅम गुळाची पावडर विरघळवून गाळून घ्यावी आणि गार झाल्यावर त्यात एक लहान चमचा व्हिनेगर घालावे. दूध फाटल्यासारखे दिसेल, तसेच ते दिसायला हवे, कारण त्याचा आंबटपणा पुढे सोड्याला जागे करतो. मग त्यात २५ मिलिलिटर तेल, अर्धे केळे अगदी गुळगुळीत कुस्करून, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ घालावे. जायफळाबाबत मी हट्टी आहे, वेलचीने डोनटचा शिरा होतो. यात ६० ग्रॅम कणीक आणि ४० ग्रॅम मैदा चाळून हलक्या हाताने मिसळावा. कणीक पाणी सावकाश शोषते, म्हणून हे मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि ढोकळ्याला घालतो तसा सोडा अगदी शेवटी, म्हणजे ओव्हन तापल्यावरच, घालावा: सपाट लहान चमचाभर बेकिंग पावडर आणि मोठी चिमूट सोडा, दोन्ही गाळणीतून भुरभुरून. इथे फार ढवळले की ग्लुटेन, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिन, ताणले जाऊन डोनट चिवट होतो. पिठाच्या एकदोन गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

तेलाचा हात लावलेल्या डोनटच्या साच्यात हे पीठ दोनतृतीयांशच भरायचे असते, नाहीतर फुगून मधले भोक बुजते. भरण्यासाठी कोपरा कापलेली जाड प्लास्टिकची पिशवी सोयीची पडते. दुधाची पिशवी धुऊन वापरण्याचा मोह मात्र, निदान ॲलर्जी असलेल्या घरात, टाळावा. १८० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवलेल्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, मधल्या कप्प्यात दहा ते बारा मिनिटे पुरतात. साचा नसेल तर आप्पेपात्र काढावे. झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजू भाजल्या की डोनटच्या भोकातून निघावेत तसे गोल गोळे तयार होतात, आणि मेदूवड्याला भोक ज्या कारणासाठी पाडतात, तो मधला भाग कच्चा राहण्याचा प्रश्नच उरत नाही. खरे सांगायचे तर मुलांना हे गोळेच जास्त आवडतात.

आता दुसरा प्रश्न. वरच्या हिशोबाने एका डोनटच्या वाट्याला सुमारे चार मिलिलिटर तेल आणि आठ ग्रॅम गूळ येतो. तळलेल्या, साखरेत घोळवलेल्या डोनटच्या मानाने हे निश्चितच कमी आहे. पण त्याला पौष्टिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गूळ ही शेवटी साखरच आहे, उष्मांक जवळजवळ तेवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने अशी साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, तेव्हा असे दोन डोनट आणि दोन कप गोड चहा झाला की त्या दिवसाचा कोटा संपत आला म्हणायचा. मुलांसाठी तर ही मर्यादा आणखी खाली येते. मी काही दिवस कणकेतली २५ ग्रॅम काढून नाचणीचे पीठ घालत असे आणि कॅल्शियमची सोय झाली म्हणून मनात खूश होत असे. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे खरे, पण एका डोनटमध्ये नाचणी येते चार ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम जेमतेम १५ मिलिग्रॅम. नाचणी मी अजूनही घालते, पण चवीसाठी. दूध बंद असलेल्या मुलाच्या कॅल्शियमचा प्रश्न डॉक्टरांशी बोलून जेवणातच सोडवावा लागतो.

डोनटवर लावायच्या चॉकलेटबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. डार्क चॉकलेट म्हणजे दूधविरहित, असे धरून चालू नये; कित्येक डार्क चॉकलेटांत दुधाची भुकटी असते. भारतात पाकिटबंद खाद्यपदार्थांवर दुधासारख्या ॲलर्जीकारक घटकांची नोंद करणे बंधनकारक आहे, त्यामुळे घटकांच्या यादीखालची ती ठळक ओळ वाचल्याशिवाय पाकीट टोपलीत टाकू नये. ठाण्याच्या बाजारात जांभळी नाक्यावर सुटे मिळणारे चॉकलेट स्वस्त पडते, पण त्यावर वाचायला काहीच नसते, म्हणून आमच्या घरात ते येत नाही. पावसाळ्यात तर मी चॉकलेट लावतच नाही. ठाण्याच्या दमट हवेत गुळामुळे डोनट दुपारपर्यंत चिकट होतात, त्यात वरून लेप दिला की डबा उघडवत नाही. भाजलेले खोबरे भुरभुरून ते दोन दिवसांत संपवावेत.

भाचा आता नऊ वर्षांचा आहे. परवा डबा उघडून खोबरे लावलेला गोळा त्याने हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि तोंडात टाकण्याआधी विचारले, “मावशी, यात काय काय आहे?” मी सगळे घटक सांगून होईपर्यंत त्याने तो तसाच धरून ठेवला होता.