जोड चाकातलं पंक्चर आणि बदली टायरची निवड

ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या जोड चाकांपैकी एकाची हवा गेली, तर केबिनमध्ये कित्येकदा पत्ताच लागत नाही. शेजारचा टायर भार उचलून धरतो, स्टिअरिंग ओढत नाही, गाडी नेहमीसारखी धावत राहते. तेवढ्या वेळात दोन टायर खराब होत असतात. हवा गेलेला टायर बाजूंवर दुमडून दुमडून तापतो आणि त्याचा जोडीदार जवळपास दुप्पट ओझ्याखाली दबतो. म्हणून खिळा कुठे घुसला हे बघण्याआधी मी एकच विचारतो: हवा कमी असताना गाडी किती चालली? टायर दुरुस्त करायचा की बदलायचा, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

चाक उतरवताना गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी. हँडब्रेक ओढा आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, नंतर जॅक. काही गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांवर उलट्या आट्यांचे नट असतात. अशा नटावर पाइप घालून नेहमीच्या दिशेने जोर लावला की नट आणखी आवळतो आणि शेवटी स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, तुटतो. जॅक ॲक्सलखाली, जाड फळीवर उभा करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, आधार म्हणून स्टँड लावाच.

ट्यूबच्या चाकाला लॉक रिंग (टायर जागेवर अडकवून धरणारी सुटी कडी) असेल तर नटांना हात लावण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरच्या व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. डिस्कला, म्हणजे टायर जिच्यावर बसतो त्या लोखंडी चाकाला, तडा गेलेला असेल किंवा रिंग जागेवरून सरकलेली असेल, तर तिला कित्येकदा फक्त आवळलेल्या नटांनीच धरून ठेवलेलं असतं. नट सुटले की आतली हवा रिंग बाहेर फेकते, आणि समोर माणूस असेल तर तो वाचत नाही.

आता टायर. बाहेरून छान दिसणारा टायरही डिस्कवरून उतरवून आतून बघायचा. आत रबराचा काळा भुगा सांडलेला असेल, अस्तरावर बाजूने गोल फिरणारी सुरकुती किंवा निळसर झाक असेल, तर तो कमी हवेवर चाललेला आहे. बॅटरी तिरकी धरून बाजूच्या भिंतीवरून तळहात फिरवा. लहरी, फुगवटा, मऊ पडलेली जागा किंवा बाहेर आलेली तार हाताला लागली की टायर बाद. ठरलेल्या हवेच्या 80 टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला स्टील रेडियल (आत स्टीलच्या तारांचा सांगाडा असलेला) टायर ही तपासणी झाल्याशिवाय पुन्हा भरायचाच नाही. दुमडून दुमडून त्याच्या भिंतीतल्या स्टीलच्या तारा एकेक करून तुटत जातात, बाहेरून काही दिसत नाही. मग हवा भरताना एका क्षणी उरलेल्या तारा ओळीने तुटतात आणि भिंत चेन उघडावी तशी फाटते. टायर लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यात ठेवून, व्हॉल्व्हला क्लिप लावून, हवा लांब पाइपने भरायची आणि स्वतः भिंतीसमोर उभं राहायचं नाही. सुरुवातीला 20 पीएसआयपर्यंत भरून थांबा, नीट बघा आणि कान द्या. तडतड ऐकू आली तर जवळ जाऊ नका, लांबूनच हवा सोडून द्या.

दुरुस्तीचा नियम सोपा आहे. भोक नक्षीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या, मधल्या भागात आणि 10 मिलिमीटरपर्यंतच असेल, तर ट्यूबलेस टायर दुरुस्त होतो. खांद्याला (नक्षी आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेला) किंवा भिंतीला लागलेलं असेल तर नाही. बाहेरून दोरी ठासणं म्हणजे दुरुस्तीच्या जागेपर्यंत हळू पोहोचण्याची सोय. भोक आतून घासून साफ करायचं, रबरी दांड्याने भरायचं आणि वर आतून पॅच लावायचा. नुसता पॅच लावला तर भोकातून पाणी शिरतं, तारांना गंज चढतो आणि काही दिवसांनी नक्षीचा पट्टा सुटतो.

टायर बाद झाला, की निवड जोडीदारापासून सुरू होते. नवा टायर झिजलेल्याशेजारी बसवला की जास्त व्यासाचा टायर जास्त ओझं घेतो आणि लहान टायर रस्त्यावर घासत फिरतो. मोठ्या ट्रकच्या जोडीत व्यासाचा फरक 12 मिलिमीटरच्या आत ठेवा. फीत गुंडाळून घेर मोजत असाल तर 38 मिलिमीटरच्या आत. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरून, भार नसताना मोजा. नक्षीत 6 मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात 12, तेव्हा नक्षी मोजूनही अंदाज येतो. फरक जास्त असेल तर नवे टायर पुढे किंवा जोडीने घाला आणि झिजलेल्याला त्याच्यासारखाच जोडीदार शोधा. दोन ड्राइव्ह ॲक्सलच्या (इंजिनाचा जोर दोन ॲक्सलना मिळणाऱ्या) गाडीत हा फरक डिफरन्शियललाही, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरलाही, खातो.

एका ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन (आत नायलॉनच्या धाग्यांचा सांगाडा असलेला) टायर एकत्र नको. मापाइतकाच भाराचा आकडाही बघा. 295/80 आर 22.5 वर 152/148 लिहिलेलं असेल तर एकट्या चाकाला 3550 किलो आणि जोडीत प्रत्येकी 3150 किलो. जोडीतला आकडा कमी असतो, आणि नेमका तोच विसरला जातो. डिस्कही मापाची हवी: या टायरला 8.25 किंवा 9 इंची. बनावटीची तारीख भिंतीवर चार अंकांत असते. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, वाईट नसतो. सांगाडा चांगला असेल तर ट्रेलरला आणि मागच्या ॲक्सलला तो बिनधास्त चालतो. पुढच्या चाकांना मात्र मी तो कधीच सुचवत नाही, कारण तिथे आधार द्यायला शेजारी दुसरा टायर नसतो. पुढे सरळ रेघांची नक्षी, मागे गोट्यांची, म्हणजे उठावदार ठोकळ्यांची. खाणीत किंवा कच्च्या रस्त्यावर जाड, खोल गोटी. लांब पल्ल्याला तीच गोटी तापते आणि डिझेलही जास्त खाते.

बसवताना हब आणि डिस्कच्या टेकणाऱ्या जागा तारेच्या ब्रशने घासा. तिथे रंगाचा जाड थर किंवा गंज राहिला तर तो चालताना दबतो आणि नट सैल होतात. जोडीचे दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर, 180 अंशांवर ठेवा, म्हणजे आतल्या टायरची हवा तपासता येते. नट एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. 22 मिलिमीटरच्या स्टडला साधारण 600 न्यूटन-मीटर लागतं, तरी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम धरा. एअर गनवर थांबू नका, शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून देणाऱ्या पान्याने, द्या. 80 ते 160 किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासा, आणि त्याच वेळी जोडीतल्या जुन्या टायरची भिंतही बघून घ्या. एकट्याने ओझं उचललेलं असेल तर त्याचा फुगवटा काही दिवसांनीही दिसू शकतो.