०.१८ मिलिमीटरसाठी सात आठवडे

जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये फोर्ड मस्टँगचे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन बसवायचे ठरवले, तेव्हा इंजिन मिळवणेच सर्वांत अवघड जाईल असे मला वाटले होते. अपघातग्रस्त गाडीचे इंजिन सहज मिळाले. मला अडवून ठेवले ते वाळूजच्या एका टूलरूमने (अचूक मापाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने), तेही बोटाच्या पेराएवढ्या दोन पिनांसाठी.

हे इंजिन सुमारे ४०० अश्वशक्ती आणि ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, त्यामुळे गाडीचा मूळ गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी बाद झाला. भारतात मस्टँग ऑटोमॅटिकच विकली गेली. मला मात्र मॅन्युअल हवा होता. म्हणून ट्रेमेक कंपनीचा सहा गिअरचा 'मॅग्नम' गिअरबॉक्स निवडला. त्यात गिअरच्या गुणोत्तरांचे दोन संच मिळतात. पहिल्यात तिसरा गिअर १.४६, दुसऱ्यात १.३०, चौथा दोन्हींत १.०० आहे. ६५०० आरपीएमला गिअर बदलला, तर पहिल्या संचात इंजिन सुमारे ४४५० वर उतरते, दुसऱ्यात ५००० वर. गाडी केवळ चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटसारख्या ट्रॅकवर धावणार, आणि तिथे गिअर बदलताना आरपीएम कमी उतरलेले बरे, म्हणून मी दुसरा संच घेतला आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे आवरण, इंजिनला लावले. त्याच्या छिद्राचा मध्य क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मध्याशी जुळतो का हे पाहायला क्रँकच्या टोकावरच्या फ्लायव्हीलवर डायल गेज लावला आणि क्रँक हाताने फिरवला. काटा ०.३६ मिलिमीटर सरकला. मर्यादा साधारण ०.१३ ची असते; त्यापलीकडे गिअर अडकतात आणि इनपुट शाफ्टचे बेअरिंग लवकर जाते. उपाय म्हणजे ऑफसेट डॉवेल पिना: बेल हाउसिंग इंजिनवर जागेवर बसवणाऱ्या, पण एका बाजूला सरकवलेल्या पिना, ज्यांमुळे त्याचा मध्य सरकतो. गेज एका पूर्ण फेरीत दुप्पट चूक दाखवतो, म्हणून पिनेतील सरक निम्मी, म्हणजे ०.१८ हवी. ड्रॉइंगवर मी तसे स्पष्ट लिहिले होते. तरीही टूलरूमच्या सुपरवायझरने गेजचा आकडा पाहून ०.३६ च्या पिना केल्या. बसवल्यावर काटा पुन्हा ०.३६ च सरकला, फक्त विरुद्ध बाजूला! मी आकृती काढून समजावले, त्यांनी "साहेब, रीडिंग तर ०.३६ च आहे ना" असे म्हणून पुन्हा तोच जॉब केला. 'आठ दिवसांत देतो' या शब्दावर सात आठवडे गेले आणि शेवटी शेजारच्या शेडमधल्या एका वयस्क टर्नरने एका दुपारी योग्य पिना करून दिल्या. काटा ०.०५ वर थांबला, तेव्हा मला अक्षरशः हायसे वाटले.

जॉब टाकण्याआधी सरकेचा आकडा कारागिराकडून तोंडी वदवून घ्यावा. गिअरबॉक्सचे पैसे भरण्यापूर्वी गाडीचा बोगदा, म्हणजे गिअरबॉक्स बसतो ती तळपत्र्यातली उंचवट्याची जागा, लांबी-रुंदीसह मोजावा. मी मोजला होता, म्हणून पत्रा थोडाच कापावा लागला. आणखी एक गोष्ट आता आठवते: या इंजिनाचा संगणकच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही चालवतो. मॅन्युअल लावणार असाल, तर तो संगणक नव्याने प्रोग्रॅम करणाऱ्याशी इंजिन घेण्याआधीच बोलून ठेवा.