पूररेषेच्या वरचा वेताळ

सुपरहिरोंच्या कॉमिक्सचे जाडजूड संग्रह आले, विशेषांक आले की लोक पाचपैकी स्टार देतात. आमच्या सांगलीत माप फुटात चालतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि त्याच्या पुढं सरकायला लागलं की गावभागातल्या घरात कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटाच्या पुढं गेलं, त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात प्रामाणिक परीक्षण केलं, पंधरा मिनिटात, गुडघाभर पाण्यात.

सिलिंडर, कागदपत्रांची पिशवी, आईची औषधं, तांदळाचा डबा असं सगळं वर गेलं आणि माझ्या वाट्याला एकच फेरी उरली. खालच्या फळीवर माझे परदेशी संग्रह, पुठ्ठा बाइंडिंग, एकेक दीड-दोन किलोचा, त्यांची खरी किंमत घरात अजून कुणाला सांगितलेली नाही. शेजारी पत्र्याची पेटी, तिच्यात मराठी इंद्रजाल कॉमिक्स, कव्हरं निम्मी फाटलेली. मी पेटी उचलली. कधी ठरवलं ते आठवत नाही, हातानं परस्पर उचलली म्हणा. पाणी ओसरल्यावर बघतोय तर संग्रहांच्या विटा झालेल्या, कारण चकचकीत कागद भिजला की पानं एकमेकांना अशी धरतात की सुरीनं पण सुटत नाहीत, आणि वर फुगून फळीत इतके घट्ट बसलेले की फळी फोडूनच काढले.

आता गंमत अशी की परीक्षक म्हणून बघायला गेलं तर इंद्रजाल काय फार धड काम नव्हतं. 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद पडलं, 800 च्या वर अंक निघाले, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी म्हणजे पेपरात रोज येणाऱ्या पट्ट्या कापून बसवलेल्या. पानात मावत नाही, काढ चौकट. शिवाय ली फॉकचा फँटम, म्हणजे जंगलात राहणारा मुखवटेवाला हीरो, त्याचा देश मुळात बंगाल्ला, तो आपल्याकडं गोंधळ नको म्हणून डेंकाली केला, चाचे सिंग होते ते सिंगा झाले. हे मला कळलं पंचेचाळिशीत, पूर्ण छापलेला संग्रह हातात आल्यावर, आणि लहानपणी आपल्याला दिलेला पत्ताच खोटा होता की काय असं वाटलं.

पण ज्यानं कुणी मराठीत फँटमचं नाव वेताळ ठेवलं ना, त्याला माझे पाचही स्टार. आमच्या आजीला वेताळ म्हणजे भुतांचा राजा, अमावस्येला मशाली घेऊन निघणारा. त्यामुळं तो अंक उशाखाली ठेवायला सक्त मनाई, कितीही सांगितलं की अगं हा घोड्यावरनं फिरतो, घट्ट कपडे घालतो, वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, तरी ती म्हणायची, कापडं कसली का असंनात, वेताळ तो वेताळच. चांदोबात झाडाला लटकणारा वेगळा, हा वेगळा, आजीचा तिसरा, तिन्ही आमच्या डोक्यात एकाच घरात सुखानं नांदत होते.

संग्रह वाईट असतात असं मात्र नाही, उगाच जुनं ते सोनं म्हणायची मला सवय नाही. सुपरमॅन मेला त्याचंच घ्या. तो विशेषांक 1992 च्या नोव्हेंबरात आला, काळ्या पिशवीत सीलबंद, आत हाताला बांधायची काळी पट्टी, पेपरातल्यासारखी निधनवार्ता, टपालाची तिकिटं, म्हणजे सगळं साग्रसंगीत सुतक. लोकांनी दोन दोन घेतले, एक वाचायला आणि एक न फोडता ठेवायला. माझ्या एका मित्राला त्याच्या मामानं अमेरिकेतनं तसला आणून दिला होता, पण त्यानं पिशवी कधी फोडूच दिली नाही, म्हणजे मयत घरात, दर्शन नाही. पुढं संग्रह घेतला तेव्हा कुठं ते बघितलं. शेवटच्या चार अंकात पानावरच्या चौकटी कमी कमी होत जातात, एका अंकात पानाला चार, मग तीन, मग दोन, आणि शेवटच्या अंकात पानभर एकच चित्र. घड्याळ मंद होत जावं तसं. हे चार अंक चार वेगवेगळ्या मालिकांमधले, सुटे घेणाऱ्याला महिनाभर जमवत बसावं लागलं असणार, संग्रहात एका बैठकीत अंगावर येतं. इथं संग्रहाला पैकीच्या पैकी. काळी पट्टी तेवढी मिळत नाही. आणि पुढच्याच वर्षी सुपरमॅन परत आला, त्यामुळं पट्टी बांधून बसलेल्यांचं काय झालं कुणास ठाऊक.

माझ्या तक्रारी दुसऱ्याच आहेत. एक म्हणजे शिवण. जाड पुस्तकात दोन पानांवर पसरलेलं चित्र असलं की मधला भाग शिवणीत जातो, मारामारीत ठोसा कुणी कुणाला दिला तेच कळत नाही, नुसते दोन खांदे दिसतात. दुसरी म्हणजे रंग. जुने रंग वर्तमानपत्री पिवळट कागदासाठी काढलेले, ठिपक्याठिपक्यांनी छापलेले, कागदच निम्मा रंग पिऊन टाकायचा. तेच रंग पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर ओतले की वरातीच्या लायटिंगसारखे दिसतात. कागद महाग घातला म्हणून पुस्तक चांगलं होत नाही, हे छापणाऱ्यांना कुणी सांगत कसं नाही?

आणि विशेषांक म्हणजे एकतर मयत नाहीतर लग्न. आईला मी एकदा सांगत होतो की स्पायडरमॅनचं 1987 ला लग्न लावलं आणि 2007 ला सैतानाशी सौदा करून ते कधी झालंच नव्हतं असं ठरवलं, तर तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, मग आहेराचं काय केलं? वेताळानं मात्र 1977 ला डायनाशी लग्न केलं ते निभावलं, जुळी पोरं झाली. आईच्या लेखी हीरो तेवढा एकच.

2021 ला पाणी परत आलं. तोपर्यंत मी शहाणा होऊन पेटी माळ्यावर टाकली होती आणि संग्रह मात्र परत विकत घेतले होते, शहाणपण तेवढंच. आदल्या रात्री पुलाच्या पाण्याचे आकडे दर तासाला मोबाईलवर येत होते, कोयनेतनं किती सोडलं त्याची चर्चा गल्लीभर, आणि आम्ही फ्रिज उचलायला विटा शोधत होतो. विटा पुरेनात. बायको टॉर्च घेऊन कपाटापाशी गेली, दोन जाड संग्रह काढले, एकावर एक ठेवून उंची बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"असले अजून दोन आहेत का?"