बाहेरची बाजू गल्लीची

पहिलं घर घेताना माणूस आधीच हुरळलेला असतो. त्यात ते जुन्या, ऐतिहासिक वस्तीत असलं तर बघायलाच नको. दगडी जोतं, लाकडी कठडा, चौकटीवरची नक्षी! एजंटानं तोंड उघडायच्या आत आपण मनातल्या मनात खुर्ची कुठे टाकायची तेही ठरवून मोकळे.

माझं म्हणणं, जुनं घर भर पावसाळ्यात बघावं. तेही नक्षीकडे मान वर करून नव्हे, तर खाली वाकून. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंत चाचपावी. पोपडे सुटलेत का, बोटाला पांढरी पूड लागते का? जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, वाळते आणि क्षार मागे ठेवते. ती ही पूड. आज बांधकामात वापरतात त्या नेहमीच्या, म्हणजे पोर्टलँड सिमेंटचं पेटंटच १८२४ सालचं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं घरं चुन्यातच बांधली जात होती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडू देतो. मग पुढच्या पिढीतला कुणीतरी ‘एकदाचं पक्कं करून टाकू’ म्हणत वरून सिमेंटचा गिलावा चढवतो. ओलीची वाटच बंद! ती आतल्या आत मुक्काम ठोकते आणि भिंतीत घुसलेली तुळईची टोकं कुजवायला घेते. बाहेरून मात्र रंग झकास. विकायला काढलेल्या घराचा ताजा रंग दिसला की मला तरी आधी संशय येतो.

कागदपत्रांचं काय सांगावं! बँकेला मंजूर नकाशा हवा असतो आणि घर नकाशा मंजूर करणाऱ्यांच्याही आधीचं असतं. वारस तर सह्या करायच्या दिवशीच उगवतात.

राहायला गेल्यावर कळतं, की घरात काटकोन नावाची गोष्टच नाही. तयार कपाट खाली भिंतीला टेकतं, वर चार बोटं फट राहते, आणि त्या फटीत गेलेली वस्तू परत येत नाही. जाडजूड भिंतींमुळे दुपारचं ऊन आत जाणवेपर्यंत संध्याकाळ होते, हे सुख. वाय-फाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही, हे त्याच भिंतींचं दुसरं टोक.

पण खरी गंमत दर्शनी भागाची. घर वारसा यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत असलं तर खिडकी बदलायलाही परवानगी लागते. ‘पैसे मी मोजले आणि रंग दुसऱ्यानं ठरवायचा?’ असं म्हणत लोक चिडतात. मला ते चिडणं कळतं, पटत नाही. आपण पैसे मोजले ते नुसत्या चार खोल्यांचे नव्हे. अख्ख्या गल्लीच्या रूपाचे मोजले. समोरच्यानं उद्या चकचकीत सरकत्या खिडक्या बसवल्या तर पहिली तक्रार आपलीच असेल. आत फरशी हवी ती घालावी, स्वयंपाकघर हवं तसं मांडावं. बाहेरची बाजू गल्लीची.

आणि कधीकधी आतली बाजूसुद्धा पूर्ण आपली नसते. एकच भिंत दोन घरांत सामाईक असली, की खिळा ठोकायच्या आधी शेजारी जाऊन विचारून यावं लागतं. नाहीतर इकडे आपली तसबीर चढते आणि तिकडे त्यांचं घड्याळ खाली येतं.