गरम पाण्याचा लूप: बॉयलरच्या आधी पंप आणि परतीचं पाणी तपासा

एनर्जी मॉडेलमध्ये (इमारतीच्या वर्षभराच्या ऊर्जावापराचा संगणकावरचा हिशेब) हॉट वॉटर लूप, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी इमारतीत फिरवून परत आणणारी पाइपांची साखळी, टाकला की सगळ्यांचं लक्ष बॉयलरच्या कार्यक्षमतेकडे जातं. ८० टक्के धरायची की ९५, यावर वेळ जातो. पण वर्षाचा हिशेब बिघडतो तो बहुतेक वेळा पंपामुळे आणि परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानामुळे.

सुरुवात साइझिंगपासून, म्हणजे पंप-पाइप किती मोठे हवेत ते ठरवण्यापासून, करा. १०० किलोवॅट उष्णता पोचवायची आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात ११ अंशांचा फरक धरलाय, तर सेकंदाला सुमारे २.२ लिटर पाणी लागतं. फरक २८ अंश धरला की तेच काम ०.९ लिटरमध्ये होतं. अ‍ॅश्रे ९०.१ या अमेरिकी ऊर्जा-मानकाच्या परिशिष्ट जी मधला बेसलाइन लूप (ज्याच्याशी तुमच्या डिझाइनची तुलना होते तो) ८२ अंशांवर निघतो आणि ५४ अंशांवर परततो, म्हणजे फरक २८. मॉडेलच्या तयार टेम्प्लेटमधला ११ तसाच राहिला, तर बेसलाइनचा पंप अडीचपट मोठा होतो आणि तुमच्या डिझाइनची बचत उगाच फुगते. ही चूक फार सहज होते.

आता पंपाची वीज. एनर्जीप्लस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन हेड (पंपाने द्यायचा दाब) डीफॉल्टने १,७९,३५२ पास्कल असतं, मोटरची कार्यक्षमता ०.९ आणि पंपाची ०.७८. यातून सेकंदाला एक लिटर प्रवाहामागे साधारण २५५ वॅट येतात. परिशिष्ट जी ला हवेत मिनिटाला एका गॅलनमागे १९ वॅट, म्हणजे सेकंदाला एका लिटरमागे ३०१. हेड सुमारे २,११,००० पास्कल केलं की हिशेब जुळतो. त्यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे पॉवर-पर-फ्लो (प्रवाहामागे वीज) पद्धत निवडून ३,०१,१५६ हा आकडा (सेकंदाला एका घनमीटरमागे वॅट) थेट भरणं.

खरी गंमत पार्ट-लोड कर्व्हमध्ये आहे, म्हणजे प्रवाह कमी झाला की वीज किती कमी होते ते सांगणाऱ्या समीकरणात. व्हेरिएबल स्पीड पंपाचे डीफॉल्ट सहगुणक ०, १, ०, ० आहेत, म्हणजे निम्म्या प्रवाहाला निम्मी वीज. घनाचा नियम (०, ०, ०, १) लावला तर त्याच ठिकाणी १२.५ टक्केच लागते. दोन्ही आकडे खऱ्या पंपापासून लांब आहेत, कारण व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लूपमधला ठरावीक दाब राखत असतो आणि घनाच्या नियमात तो दाब धरलेलाच नाही. ओपनस्टुडिओ स्टँडर्ड्स या एनर्जीप्लससाठीच्या कोड-संग्रहातल्या ०, ०.५७२६, −०.३०१, ०.७३४७ या सहगुणकांनी निम्म्या प्रवाहाला ३० टक्के येतात. दाबाचा सेटपॉइंट रीसेट होत असेल (म्हणजे राखायचा दाब गरजेनुसार खाली आणला जात असेल), तर ०, ०.०२०५, ०.४१०१, ०.५७५३ वापरा, मग १८–१९ टक्के येतात. व्हीएफडी नसलेला, स्थिर वेगाने स्वतःच्या दाब-प्रवाह कर्व्हवर चालणारा पंप ७५ टक्क्यांच्या आसपास राहतो. त्यामुळे नुसतं ‘व्हीएफडी आहे’ एवढ्यावर थांबू नका. दाबाचं नियंत्रण कसं आहे ते विचारा आणि मगच कर्व्ह निवडा.

पंपाचा कंट्रोल टाइप ‘कंटिन्युअस’ असेल, तर भार शून्य असतानाही पाणी बायपासमधून फिरत राहतं. लोड नसताना पंप बंद व्हायला हवा असेल तर ‘इंटरमिटंट’ करा. बॉयलरचा फ्लो मोडही बघा. व्हेरिएबल प्रायमरी लूपवर (जिथे बॉयलरमधून जाणारा प्रवाहही बदलतो) ‘कॉन्स्टंटफ्लो’ ठेवला, तर बॉयलर चालू असेपर्यंत पूर्ण डिझाइन प्रवाहच मागतो आणि व्हीएफडी नावापुरता उरतो. तिथे ‘नॉटमॉड्युलेटेड’ ठीक.

तापमान रीसेट, म्हणजे बाहेरच्या हवेनुसार निघणाऱ्या पाण्याचं तापमान बदलणं, विसरू नका. परिशिष्ट जी मध्ये बाहेर उणे ७ अंश किंवा कमी असताना ८२, १० अंश किंवा जास्त असताना ६६, आणि मध्ये सरळ रेषेत बदल. हे तापमान ठरवणारा सेटपॉइंट मॅनेजर लूपच्या सप्लाय आउटलेट नोडवर (बॉयलरच्या बाजूने पाणी बाहेर पडतं त्या बिंदूवर) जोडलाय ना, हेही पाहा.

कंडेन्सिंग बॉयलरला (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरला) तर परतीचं पाणीच सगळं ठरवतं. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ सुमारे ५५ अंशांखालीच पाणी होऊन आपली उष्णता देते. त्यामुळे कार्यक्षमतेचा कर्व्ह बॉयलरमध्ये शिरणाऱ्या पाण्याच्या तापमानावर असायला हवा. तो निघणाऱ्या पाण्यावर ठेवला, तर हवा गरम करणाऱ्या कॉइलमधून पाणी ४५ अंशांवर परतलं काय किंवा ६५ अंशांवर, मॉडेलला फरकच कळत नाही. थंडीतल्या एका दिवसाचं परतीच्या नोडचं तासागणिक तापमान काढा. ते दिवसभर ६० च्या वर असेल आणि बॉयलर तरीही ९५ टक्के दाखवत असेल, तर कर्व्ह दुरुस्त करा.