आमच्या मंडळाचा वारसा मेळावा आणि बाबांचा चुना

नोव्हेंबर लागला की मंडळाच्या ग्रुपवर एकच विषय, यंदा बाबा येणार ना? बाबा म्हणजे आमचे गवंडीबाबा, चुन्याचं जुनं काम जाणणारे. पाहुणे कोण, अध्यक्ष कोण हे नंतर, बाबांचं नक्की झालं की मेळावा नक्की झाला असं आम्ही धरूनच चालतो. धुळ्यात आमचं हे छोटंसं मंडळ दरवर्षी जागतिक वारसा सप्ताहात, म्हणजे १९ ते २५ नोव्हेंबरच्या आत जो शनिवार-रविवार येईल तेव्हा, जुन्या वास्तूंची फेरी काढतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मेळावा घेतं.

शनिवारची फेरी जुन्या धुळ्यातून आणि नंबरवाल्या गल्ल्यांमधून. आपण लहानपणापासून गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच म्हणत आलो पण या गल्ल्या इतक्या सरळ का हे कुणी विचारत नाही. १८१८ ला इंग्रजांनी खान्देश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळं मुख्य ठाणं केलं, त्यानंतर आखून वसवलेली ही पेठ आहे, दोनशे वर्षांपूर्वीचं प्लॅनिंग आहे हे. मग राजवाडे संशोधन मंडळाच्या इमारतीसमोर थांबायचं, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला आपल्या धुळ्यातच वारले आणि १९२७ च्या जानेवारीत लोकांनी त्यांच्या नावानं मंडळ उभंही केलं हे दरवर्षी सांगायचं, आणि दरवर्षी निम्म्या पोरांना ते नवीन असतं. सर सांगतात, घसा बसेपर्यंत सांगतात.

रविवारी सकाळी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, ते सगळं होतं, जसं सगळीकडे होतं तसंच. एकदा वकीलसाहेबांचं भाषण मात्र फार कामाचं झालं, कारण लोकांच्या मनात ती एक भीती घट्ट बसलीये, घर हेरिटेजमध्ये गेलं की खिळा ठोकायचीसुद्धा चोरी. त्यांनी फळ्यावर काढूनच दाखवलं, केंद्र सरकारनं संरक्षित केलेलं स्मारक असेल तर त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही, दुरुस्तीला परवानगी मागता येते, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन बांधता येतं, हे प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली घातलं. तुमचं साधं जुनं घर कुणी फेरीत बघून गेलं म्हणून ते सरकारजमा होत नाही हो. तरी त्याच गल्लीतले लोक दरवाजा लावून घेतात तेव्हा जीव तुटतो.

बाबांचं भाषण म्हणजे भाषण नसतंच. स्टेजवर चढायला ते तयार नसतात, खाली पटांगणात गोणपाट टाकून बसतात. समोर घमेल्यात कित्येक दिवस पाण्यात मुरलेला चुना, वरती पाण्याचा थर तसाच, बाजूला वाळू, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा भिजवलेला गर. थापीनं मळत राहतात, मळत राहतात, पोरं आधी चुळबुळ करतात मग हळूहळू गप्प होतात. मग बाबा थापीवर गोळा घेतात आणि थापी उलटी करतात. गोळा पडला नाही तर मान हलवतात, पडला तर परत मळायला घेतात. "चुनाले घाई चालत नई भाऊ" हे त्यांचं वाक्य आता आमच्याकडे सगळे वापरतात.

आणि मग ते सिमेंटवर येतात. "भित बी जित्ती ऱ्हास, तिले बी घाम येस. चुना घाम बाहेर येऊ देस, सिमेंट कोंडी टाकस." इंजिनिअर पाहुणे हेच अर्धा तास स्लाईडवर दाखवतात, ओल आत अडकते, क्षार वर येतात, विटेचा चेहरा सुटून पापुद्रे पडतात, सगळं बरोबर आहे, पण बाबा कोपऱ्यातली खराब वीट उचलून नुसतं नखानं खरवडतात आणि लाल भुकटी पोराच्या तळहातावर ठेवतात. माझ्या डोळ्यात दरवर्षी पाणी येतं, मी लपवत नाही आता. या माणसाकडे दहा पोरांनी जरी शिकून घेतलं तरी खान्देशातले वाडे अजून दोन पिढ्या उभे राहतील असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे घरमालकाचं मनोगत. दरवर्षी एक कुटुंब आपल्या घराबद्दल बोलतं. एका वर्षी एक आजी आल्या होत्या, धाब्याचं म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर त्यांचं, सागाचे खांब, देवडी, भिंतीत दिवे ठेवायच्या दिवळ्या, आत धान्य साठवायचं बळद. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पावसाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, चोपायची, उतार नीट करायचा, हे त्या नव्या सुनेला शिकवावं तसं सांगत होत्या. आणि मग मधेच म्हणाल्या, "पोऱ्या म्हनस इकी टाक. मी म्हनस, मी शे तवलोंग ऱ्हाऊ दे, मंग तुम्हनं तुम्ही देखा." म्हणजे मुलगा विकून टाक म्हणतो, पण मी आहे तोवर राहू दे. मुलगा तिसऱ्या रांगेत बसलेला होता. जेवणाच्या वेळी तो स्वतः बाबांकडे जाऊन बसला आणि मागच्या भिंतीचं विचारत होता. घर अजून आहे.

थाळनेरची सहल ही मुलांची सगळ्यात आवडती. मलिक राजाला १३७० मध्ये हा मुलूख मिळाला, तिथून खान्देशच्या फारुकी सुलतानांचं राज्य सुरू झालं, आणि आज तापीकाठी त्यांच्या कबरी उभ्या आहेत. त्यातली अष्टकोनी कबर बघताना पोरं भोवती पळत बाजू मोजतात, दरवर्षी कुणीतरी सात सांगतं आणि परत पळायला लागतं. किल्ल्याजवळ सर १८१८ ची गोष्ट सांगतात, किल्लेदार तुळशीराम मामाला इंग्रज सेनापती हिस्लॉपनं फाशी दिलं ती, तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे येऊन बसतात. २०२५ च्या जुलैमध्ये शिवरायांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि त्यात आपल्या शेजारचा बागलाणातला साल्हेर आहे म्हटल्यावर तर हॉलमध्ये टाळ्या थांबत नव्हत्या.

आता उपस्थितीबद्दल बोलतोच. मान्य आहे, तेव्हा कापूस वेचणी असते, तुळशीचं लग्न झालं की तिथी सुरू होतात, एकेका घरी तीन-तीन पत्रिका. पण सोशल मीडियावर जुन्या वाड्याच्या फोटोला "जतन झालंच पाहिजे" लिहिणारे आपलेच लोक सायकलच्या अंतरावर राहून येत नाहीत आणि शहाद्याहून, अमळनेरहून लोक पहाटेची एस्टी पकडून येतात, हे मला खुपतं. एका वर्षी पाहुण्यांनी दोन तास उशीर केला आणि तोवर बाबा उन्हात बसून होते, तेही मी विसरलो नाही.

ज्यांच्यामुळे हे सगळं होतं त्यांची नावं घेतली तर ते रागावतात म्हणून कामानं सांगतो. हॉलची किल्ली पहाटे साडेपाचला उघडून देणारे शिपाईकाका, माईकवाले दादा जे भाड्याचं नाव काढत नाहीत, आठवीच्या मुलांना दारांची चित्रं काढायला लावणाऱ्या चित्रकलेच्या बाई, फेरीत पाण्याचे जार घेऊन फिरणारे रिक्षावाले अण्णा, भरीत भाजायला तुरीच्या काड्या पाठवणारे देवपूरचे नाना, कळण्याच्या पुऱ्या करणाऱ्या बचतगटाच्या सगळ्या ताया (सगळ्या, कुणी सुटलं असं वाटायला नको), बाबांना गोंदूरकडून मोटारसायकलवर आणणारा आणि सोडणारा त्यांचा नातू, फ्लेक्स न छापता कापडावर बॅनर रंगवून देणारे पेंटरकाका, आणि पाऊस आला तेव्हा सतरंज्या उचलून धावलेली दहावीची पोरं. गल्लीतल्या त्या वहिनी पण, ज्या दरवर्षी चाळीस लोकांना चहा देतात आणि मेळाव्याला मात्र येऊ शकत नाहीत कारण घरी सासूबाई अंथरुणावर आहेत.

पुढच्या वर्षी सहल साक्रीकडे बळसाण्याच्या जुन्या मंदिरांना न्यायची ठरतंय. बसचं बुकिंग आधी करावं लागेल म्हणून नावं दिवाळीच्या आत द्या, आणि ज्यांना बाबांकडे चुन्याचं काम शिकायचंय त्यांनी वेगळं सांगा, बाबांनी यंदा होकार दिलाय.